बागेखालचं पाणी

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी हँगिंग गार्डनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. लालबाग-परळहून मुलांना घेऊन आलेली कुटुंबं, गिरगावातून सिरी रोडची चढण दमादमानं चढून आलेले आजी-आजोबा, समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटापुढे फोटोसाठी ताटकळणारी पोरं, असा सगळा मेळा तिथं जमलेला असतो. कुणी हिरवळीवर डबा उघडतं, कुणी हत्तीच्या आकारात छाटलेल्या झुडपापाशी बाळाला उभं करतं. ही माणसं जिथं बसलेली असतात, त्याच्या काही फूट खाली, पूर्ण काळोखात, जवळजवळ पंधरा कोटी लिटर पाणी मावेल असा जलाशय आहे. गिरगावच्या चाळीत सकाळी पिंपात पडलेलं पाणी आदल्या रात्री बहुधा इथंच मुक्कामाला होतं.

धरण बघायला माणसं शहराबाहेर जातात. पावसाळ्यात भंडारदऱ्याला, पानशेतला, तानशाला गाड्यांच्या रांगा लागतात. पण ऐन दक्षिण मुंबईत, बेस्टच्या बसनं जाऊन तासाभरात बघून येता येईल असा जलाशय आहे आणि तोच शहरातलं एक जुनं सहलीचं ठिकाणही आहे, ही गोष्ट तिथं लहानपणापासून जाणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ती ठाऊक असायला हवी, कारण ही बाग तिथं आहे ती पाण्यामुळे. खाली पाणी नसतं तर वर बाग राहिली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याकडे पुढे येतो.

पाणीपुरवठ्याच्या भाषेत याला सेवा जलाशय म्हणतात. विहार, तुळशी, तानसा, भातसा हे साठ्याचे तलाव. पावसाळ्याचं पाणी वर्षभर पुरवणं हे त्यांचं काम. सेवा जलाशयाचं काम काही तासांचं असतं. शहराकडे येणाऱ्या मोठ्या जलवाहिनीतून पाणी रात्रंदिवस येत राहतं, पण शहराला ते एकसारखं लागत नाही. पहाटे चारपासून सकाळी दहापर्यंत उडणारी झुंबड दुपारी ओसरते आणि मध्यरात्री जवळपास थांबते. जलवाहिनी पहाटेच्या गर्दीच्या मापाची टाकायची तर ती दुप्पट-तिप्पट मोठी करावी लागेल आणि उरलेला दिवस ती निम्मी रिकामी राहील. त्याऐवजी वस्तीजवळ एक टाकी बांधायची, रात्री ती भरून घ्यायची आणि सकाळी सोडायची. घरात पाणी येण्याची वेळ ठरलेली असते म्हणून आपण पिंप भरून ठेवतो; मलबार हिलचा जलाशय म्हणजे दक्षिण मुंबईचं पिंप.

हे पिंप टेकडीवरच का, याचं उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर उंच असली की नळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. मलबार हिलचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे पन्नास मीटर उंच आहे. तिथं पाणी साठवलं की गिरगाव, ग्रँट रोड, भुलेश्वर, फोर्ट, कुलाबा या सखल भागांकडे ते पंपाशिवाय आपल्या वजनानं उतरतं. वीज गेली तरी उतरतं. कोलकात्याला ही सोय नव्हती. गंगेच्या गाळाच्या सपाट भूमीवर टेकडी आणायची कुठून? म्हणून तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताला इथं लोखंडी खांबांच्या जंगलावर शंभर फुटांहून उंच अशी अवाढव्य पोलादी टाकी उभारावी लागली. ती आजही वापरात आहे. मुंबईला निसर्गानं सात बेटांबरोबर टेकड्याही दिल्या होत्या, आणि शहरातल्या अभियंत्यांनी त्या एकेक करून पाण्यासाठी वापरल्या. मलबार हिल, माझगावची भंडारवाडा टेकडी, वरळीची टेकडी, शीवकडची रावळी, परळ-शिवडीच्या बाजूची गोलंजी. लालबाग-परळच्या पट्ट्यात पाणी पोचवण्यात या गोलंजीचा आणि शिवडीकडच्या फॉसबेरी जलाशयाचा मोठा वाटा आहे.

आता झाकणाविषयी. हँगिंग गार्डनला गेलेल्या प्रत्येकाला कुणीतरी एक गोष्ट सांगितलेली असते. शेजारी पारशांच्या अंत्यविधीची जागा, डुंगरवाडी, आहे, तिथली गिधाडं उडताना उघड्या पाण्यात काही टाकतील, म्हणून जलाशयावर छत घातलं आणि छतावर बाग केली. या गोष्टीत काही तथ्य असेलही. पण तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही, कारण माझगावला भंडारवाडा टेकडीवर १८८४ मध्ये झालेला जलाशयही असाच झाकलेला आहे, त्याच्यावरही बाग आहे, आणि तिथं जवळपास डुंगरवाडी नाही. खरं कारण सूर्य आहे. साठवलेल्या पाण्यावर ऊन पडलं की त्यात शेवाळ धरतं, पाण्याला वास येतो, आणि जंतू मारण्यासाठी घातलेलं क्लोरीन उन्हानं लवकर उडून जातं. धूळ, पानं, पक्ष्यांची विष्ठा हे वेगळंच. पिण्यासाठी तयार झालेलं पाणी अंधारात ठेवावं, ही अक्कल फार जुनी आहे. इस्तंबूलच्या पोटात सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात बांधलेला भूमिगत जलाशय आजही उभा आहे. त्याचं छत ३३६ खांबांवर तोललेलं आहे आणि आज तो बघायला जगभरातून लोक जातात.

छतावर मातीचा थर घातला की आतलं पाणी मेच्या उन्हातही तापत नाही. आणि माती घातलीच आहे तर बाग का करू नये? पण इथं एक बंधन येतं. छतावरच्या मातीला खोली नसते. वड, पिंपळ किंवा आंबा लावला तर त्याची मुळं पाण्याच्या वासानं खाली जाणार, छताच्या सांध्यांत शिरणार आणि एक दिवस बाहेरची घाण आतल्या पाण्यात उतरणार. त्यामुळे जलाशयाच्या माथ्यावर हिरवळ, फुलांचे ताटवे, उथळ मुळांची झुडपं हेच शोभतं, आणि मोठी झाडं कडेला, उतारावर. हँगिंग गार्डनमधली ती प्राण्यांच्या आकारात छाटलेली झुडपं मुलांना आवडतात म्हणून आहेतच. पण झुडूप छाटून बुटकं ठेवणं ही त्या जागेची गरजही आहे. तिथल्या माळ्याची कात्री खालच्या पाण्याची राखण करते, हे मला त्या बागेतलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं.

या टेकडीवर पाणी चढवण्याची वेळ का आली, हे समजायला गिरगाव-भुलेश्वरच्या जुन्या नकाशाकडे पाहावं लागतं. नळ येण्यापूर्वी हे शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. वाडी तिथं विहीर होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, बाबुला टँक, मुंबादेवीचं तळं ही सगळी खरोखर पाण्यानं भरलेली होती. धोबी तलावच्या तळ्याची दुरुस्ती फ्रामजी कावसजी यांनी १८३१ मध्ये स्वतःच्या पैशानं केली होती. पुढे तळं गेलं आणि त्या जागेवर त्यांच्या नावाची संस्था आली. शेठ-सावकारांनी तळी बांधणं हे पुण्यकर्म होतं आणि त्या पुण्यावर शहराची तहान भागत होती; पण कापसाच्या व्यापारानं माणसं वाढली आणि पुण्य पुरेना. १८४५ मध्ये देशी वस्तीतल्या लोकांनी पाण्यासाठी सरकारकडे दाद मागितली. त्यानंतरच्या दशकात पाऊस कमी झाला तेव्हा बाहेरून पाणी आणावं लागलं आणि गुरं शहराबाहेर न्यावी लागली.

अभियंता हेन्री कॉनिबेअरनं साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून तलाव करायची योजना मांडली. काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळातून मुंबईत आलं. सुरुवातीला रोज सुमारे ३.२ कोटी लिटर. आज विहारचा पूर्ण साठा २७,६९८ दशलक्ष लिटर धरला जातो, म्हणजे शहराच्या सध्याच्या गरजेत तो जेमतेम आठवडाभर पुरेल. पण १८६० मध्ये याच पाण्यानं शहराचं जगणं पालटलं. पुन्हा माणसं वाढली. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तुळशी आकारानं लहान, पण विहारपेक्षा बरीच उंच. ती भरून वाहू लागली की तिचं पाणी विहारमध्ये येतं. या उंचीचा फायदा मोठा होता, कारण तिथून निघालेलं पाणी कुठलाही पंप न लावता मलबार हिलच्या माथ्यावर चढवता येत होतं. १८८०च्या दशकात टेकडीवर जलाशय आणि त्यावर बाग आली ती या क्रमानं. १८९२ मध्ये शहापूरजवळचा तानसा आला. त्याची दगडी भिंत जवळपास पावणेतीन किलोमीटर लांब आहे. पवईचा तलाव याच सुमाराचा, पण त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही आणि तो गळ टाकणाऱ्यांचा आणि फिरायला जाणाऱ्यांचा झाला.

नळ आले तशी तळ्यांची गरज संपली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि डासांचं मूळ विहिरी व तळ्यांमध्ये असल्याचं दाखवलं. मग विहिरी बुजवणं, त्यांवर झाकणं बसवणं, तळी भरून टाकणं असं सत्र चाललं. धार्मिक भावनेमुळे काही विहिरी वाचल्या. १७२५ मधली भिखा बेहरामची विहीर चर्चगेटजवळ आजही गोडं पाणी देते. वाळकेश्वरचं बाणगंगा तळं राहिलं. बाकीच्यांची मैदानं झाली, रस्ते झाले, इमारती झाल्या. गोवालिया टँकच्या मैदानावरून १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ची हाक दिली गेली. न्यू यॉर्कमध्येही असंच घडलं. तिथं मॅनहॅटनच्या मध्यभागी १८४२ पासून उभा असलेला भला मोठा जलाशय विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाडला गेला आणि त्या जागी शहराचं सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं.

मलबार हिलचं तसं झालं नाही, कारण त्याचं काम अजून संपलेलं नाही. मघाशी म्हटलं ते आता सांगतो. या टेकडीवर एकेक चौरस फूट जागेची किंमत काय आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. उद्योगपतींचे बंगले, मंत्र्यांची निवासस्थानं, टोलेजंग इमारती. समुद्राचं सर्वांत देखणं दर्शन ज्या माथ्यावरून होतं, ती जागा लालबागच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला विनामोबदला संध्याकाळभर मिळते, हे शहराच्या औदार्यामुळे झालेलं नाही. तिथं इमारतीचा पाया खणताच येत नव्हता, कारण खाली पिण्याचं पाणी होतं. पाणी सगळ्यांचं, म्हणून त्याच्या डोक्यावरची जमीनही सगळ्यांची राहिली. बागेला फिरोजशहा मेहतांचं नाव आहे, ते या दृष्टीनं अगदी योग्य आहे. १८८८च्या ज्या कायद्यावर मुंबई महानगरपालिका आजही चालते, त्याच्या घडणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता.

भंडारवाड्याची बाग कमी गाजलेली आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. डॉकयार्ड रोड स्थानकाच्या शेजारीच ही टेकडी आहे. इथं एके काळी माझगावचा किल्ला होता; जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाच्या स्वारीत, १६८९-९०च्या सुमारास, तो उद्ध्वस्त झाला. आता वरून बंदर, जहाजं, गोदीतल्या याऱ्या दिसतात. मलबार हिलवरून दिसणारा समुद्र फिरणाऱ्यांचा, हा कष्टकऱ्यांचा. बागेला जोसेफ बाप्टिस्टांचं नाव आहे. माझगावच्या माथारपाखाडीतले हे बॅरिस्टर, टिळकांचे निकटचे सहकारी, १९१६च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५-२६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष. गिरणी कामगारांच्या आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या बाजूनं उभे राहणारे ‘काका’. डोंगरी, मांडवी, माझगाव या दाट वस्त्यांना पाणी देणाऱ्या टाकीवर कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव असावं, हा योग फार चांगला जुळून आला आहे.

मलबार हिलच्या जलाशयावर २०२३ मध्ये संकट आलं. महापालिकेनं जुनी टाकी पाडून नवी, मोठी बांधायचं ठरवलं: क्षमता १४७ दशलक्ष लिटरवरून १९१ दशलक्ष लिटर करायची, आणि त्यासाठी ३८९ झाडं हटवायची, काही तोडून आणि काही दुसरीकडे लावून. बाग कित्येक वर्षं बंद राहणार होती. रहिवासी उठले, सह्या झाल्या, हरकती नोंदवल्या गेल्या. पालिकेची चिंता पोकळ होती असं मी म्हणणार नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं जुनी टाकी ढासळली तर अर्ध्या दक्षिण मुंबईचा घसा कोरडा पडेल. पण पाडण्यापूर्वी आत जाऊन पाहायला हवं, हा नागरिकांचा आग्रह योग्य होता आणि तो मान्य झाला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि स्थानिक तज्ज्ञ यांची समिती नेमली गेली.

आणि इथं जुन्या बांधणीतला शहाणपणा कामी आला. हा जलाशय एकसंध नाही, त्याचे पाच कप्पे आहेत. एक रिकामा केला तरी बाकीचे चालू राहतात. धुण्यासाठी, डागडुजीसाठी असे कप्पे लागतातच. डिसेंबर २०२३ मध्ये कप्पे रिकामे करून तज्ज्ञ आत उतरले, त्यासाठी काही भागांत पाणीकपात सोसावी लागली. समितीत एकमत झालं नाही, म्हणून आयआयटी रुरकीचं मत घेतलं गेलं. टाकी संपूर्ण पाडायची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे, असा निष्कर्ष २०२४ मध्ये समोर आला आणि पुनर्बांधणीचा बेत मागे पडला. झाडं वाचली याचा आनंद आहेच. त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते की त्या काही महिन्यांत शेकडो मुंबईकरांनी पहिल्यांदाच विचारलं, आपल्या पायाखाली नेमकं काय आहे?

आता या पाण्याच्या येण्या-जाण्याचा माग. आज मलबार हिलला येणारं पाणी मुख्यतः शंभरेक किलोमीटर लांबून, ठाणे-नाशिकच्या डोंगरांतून येतं. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा आणि भातसा. विहार-तुळशी धरून सात तलाव, सगळे काठोकाठ भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. जुलैत वर्तमानपत्रात तलावक्षेत्रातल्या पावसाचे आकडे आपण वाचतो ते यासाठी. यातला निम्मा साठा एकट्या भातशाचा आहे. भांडुप आणि पांजरापूर इथं पाणी स्वच्छ होतं, क्लोरीन मिळतं, आणि मग जलवाहिन्या व खडकातून खोदलेल्या बोगद्यांमधून शहराकडे धावतं. सेवा जलाशयात गरजेप्रमाणे पुन्हा क्लोरीनची मात्रा दिली जाते. मलबार हिलहून क्रॉस मैदानापर्यंत असा एक बोगदा गेलेला आहे. चौपाटीवर भेळ खाणाऱ्याला आपल्या आसपास खोल जमिनीतून फोर्टचं पाणी चाललंय याची चाहूलही लागत नाही.

शेवटचा टप्पा अजून माणसाच्या हातात आहे. पालिकेचे चावीवाले रोज ठरलेल्या वेळी गल्लोगल्लीच्या झडपा उघडतात आणि बंद करतात. ठाकूरद्वारला पाणी अमुक वाजता येतं आणि डोंगरीला तमुक वाजता, ते त्यांच्या हातातल्या लांब चावीच्या फेऱ्यांवर ठरतं. मलबार हिलची पूर्ण भरलेली टाकी अख्ख्या मुंबईला तासभरही पुरणार नाही, इतकी शहराची तहान मोठी आहे. एवढीशी टाकी दक्षिण मुंबईला सांभाळते ती रोज भरून रोज रिती होते म्हणून, आणि भरण्या-सोडण्याचं वेळापत्रक पाळणारी माणसं आहेत म्हणून.

एक गोष्ट मात्र बागेत बसून विसरू नये. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्याच कित्येक आदिवासी पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडे घेऊन बायका दूरच्या डबक्यापर्यंत चालतात आणि जवळूनच मुंबईच्या जलवाहिन्या भरभरून वाहत असतात. या अन्यायाला तांत्रिक सबब नाही. शंभर किलोमीटर पाणी नेता येतं, तर पाच किलोमीटरही नेता येतं.

जायचं तर पावसाळ्यानंतर, सकाळी लवकर जावं. कमला नेहरू पार्काच्या कठड्यावरून चौपाटी आणि राणीचा हार दिसतो. मार्च २०२५ पासून जवळच्या उताराच्या झाडीतून ४८५ मीटर लांबीचा लाकडी उन्नत मार्ग खुला झाला आहे. जमिनीला पाय न लावता, झाडांच्या फांद्यांमधून त्यावर चालता येतं. तिथली झाडांच्या माहितीची पाटी पाहिली की वाटतं, वर बागेतही एक मोठी पाटी हवी: जलाशयाचा उभा छेद, पाच कप्पे, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, सात तलावांची नावं, आणि त्यांच्या काठच्या गावांचीही. वर्षातून एखादा कप्पा धुण्यासाठी रिकामा होतो, तेव्हा सुरक्षेची सगळी काळजी घेऊन परळ-गिरगावच्या शाळांमधल्या थोड्या मुलांना आत नेऊन ते खांब दाखवायला काय हरकत आहे? लोक इस्तंबूलला जाऊन तिकीट काढून जे बघतात, ते या मुलांच्या घरापासून बसच्या एका फेरीवर आहे, आणि इथलं अजून कामावर आहे. पालिकेच्या जल खात्याकडे ही मागणी शाळांनीच करावी.